इष्टूर फाकडा : शत्रूच्या समाधीची एक लोककथा

आपल्या वीरांची स्मारके कोणताही समाज उभारतो. त्यात त्याचे मोठेसे औदार्य नाही. आपल्यावर चालून आलेल्या, आणि चालून येताना आपल्याच तोफेला बळी पडलेल्या परक्या सरदाराचे नाव जो मुलूख कौतुकाने जिभेवर खेळवतो, त्याच्या मनाची घडण मात्र अधिक जिज्ञासेने पाहण्यासारखी असते. असा मुलूख शोधण्यास आपल्याला फार दूर जावयास नको. चिंचवडाहून जुन्या मुंबई रस्त्याने निघावे, देहूरोड मागे टाकावे, तळेगाव ओलांडावे, की वडगाव मावळ लागते. तेथील पोलीस ठाण्याच्या आवारात एक जुनी समाधी आहे. ती एका इंग्रज कप्तानाची असे गाव सांगते. कप्तानाचे नाव जेम्स स्टुअर्ट. परंतु या नावाने तेथे चौकशी केल्यास कोणी पटकन ओळख देईलच असे नाही. 'इष्टूर फाकडा' म्हणा, की ओळख पटते.

आमच्या वर्गातील काही विद्यार्थी चाकण आणि पिंपरी या बाजूचे आहेत. आई-बापांनी कारखान्यांच्या नोकरीसाठी गावे सोडली, आणि ही मुले या पट्ट्यात वाढली. एकदा कार्ल्याची लेणी पाहून परतताना आम्ही त्यांना या समाधीपाशी नेले. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा साहेब आपला की त्यांचा?" दुसरा म्हणाला, "ठाण्यातले भूत म्हणतात ते हेच काय?" आणि आमच्यासोबत असलेले एक व्यासंगी स्नेही, ज्यांच्या देशाभिमानाविषयी आम्हांस नितांत आदर आहे, ते किंचित तिरस्काराने उद्गारले, "गुलामगिरीचा अवशेष, दुसरे काय!" असे हे तीन अभिप्राय. कथा एकच, आणि तिचे तीन अर्थ. लोककथेची समीक्षा म्हणून काही असेल, तर तिने अशाच ठिकाणी आपली उपयुक्तता सिद्ध केली पाहिजे. म्हणून या लहानशा कथेकडे, एखाद्या ग्रंथाकडे पाहावे तसे, नीट पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम इतिहासाचा भाग. तो बहुतेक वाचकांस ठाऊक असल्यामुळे थोडक्यात सांगतो. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवून आपले वर्चस्व प्रस्थापित करावे, या हेतूने मुंबईकर इंग्रजांनी 1778 च्या अखेरीस फौज काढली. सुमारे 3,900 माणसे, आणि त्यांच्या सामानसुमानासाठी 19,000 हून अधिक बैल! फौजेच्या पुढे गेलेला पहिला अधिकारी कप्तान स्टुअर्ट. त्याने नोव्हेंबरातच बोरघाट चढून खंडाळ्याची बाजू धरली आणि मुख्य फौज येईपर्यंत मराठ्यांच्या हल्ल्यांना तोंड देत तो तेथे टिकून राहिला. मुख्य फौज घाटमाथ्यावर आली, तेव्हा तिची चाल इतकी संथ की खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांस अकरा दिवस लागले. कर्नल के जखमी होऊन पडला. पुण्याचा दरबार जवळून पाहिलेला मॉस्टिन आजारी पडून 1 जानेवारी 1779 रोजी मुंबईस वारला. आणि 4 जानेवारीस कार्ल्याजवळ स्टुअर्ट ठार झाला. पुढे ही फौज तळेगावापर्यंत आली. पाहते तो गाव मराठ्यांनी आपल्याच हाताने जाळून ओसाड केलेले. चिंचवड आणि खुद्द पुणेही वेळ पडल्यास जाळण्याची सिद्धता झालेली. तेव्हा धीर सुटून इंग्रजांनी जड तोफा तळ्यात लोटल्या आणि रात्री मागे पाय घेतला. महादजी शिंद्यांनी त्यांना वडगावात कोंडले. जानेवारीच्या मध्यास जो तह झाला, तो हिंदुस्थानातील इंग्रजांच्या इतिहासात अपमानाचे पान म्हणून गणला जातो. मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही ठिकाणच्या सरकारांनी तो पुढे नाकारला, आणि 1782 साली सालबाईचा तह होईपर्यंत लढाई चालू राहिली.

इतका हा इतिहास. त्यात स्टुअर्टचा वाटा पाहिला, तर एका घाटाचा ताबा, काही आठवड्यांची चिवट झुंज, आणि एक मृत्यू. पराभूत फौजेतील, तीही पराभवाच्या आधी आठ-दहा दिवस पडलेल्या, एका कप्तानाला इतिहासकार यापेक्षा अधिक जागा काय म्हणून देतील? परंतु ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या बखरीत एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली आहे. ती अशी की, या प्रांतातले लोक स्टुअर्टला 'फाकडा' या उपपदाने अजून स्मरतात. डफ 1818 नंतरची काही वर्षे साताऱ्यास होता. 1779 मध्ये जो मावळा विशीतला होता, तो त्या वेळी साठीच्या घरात असणार. म्हणजे डफच्या कानी आलेले नाव हे ज्यांनी तो रणसंग्राम डोळ्यांनी पाहिला त्यांच्या पिढीचे आहे. त्यामागे इंग्रजी राज्याची जरब नाही, की कोण्या कलेक्टराची मर्जी नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे आमच्या स्नेह्यांच्या आक्षेपाला उत्तर देताना तोच उपयोगी पडणार आहे.

आता कथेच्या अंतरंगाकडे वळू. या कथेतील सर्वांत सुंदर भाग तिचे नाव हाच होय. 'स्टुअर्ट' हा शब्द मराठी जिभेला अवघड. आरंभीच्या जोडाक्षराला टेकू म्हणून आपण आधी 'इ' लावतो. स्टेशनाचे 'इस्टेशन' आणि स्कूलचे 'इस्कूल' करणारी हीच आपली रीत. त्याप्रमाणे स्टुअर्टचा 'इष्टूर' झाला. येथवर हा केवळ उच्चाराचा खेळ. पण भाषा कधी कधी नकळत काव्य करून जाते. 'इष्ट' म्हणजे हवासा, प्रिय. आपण देवतेलाही इष्टदेवता म्हणतो. परक्या नावाच्या ओबडधोबड दगडातून लोकांच्या कानाने नेमके हे मंगल अक्षर घडवून काढले. एल्फिन्स्टनचा आपण 'अल्पिष्टन' केला; त्यात 'अल्प' हा शब्द शिरला, त्याकडे पाहून पेशवाई बुडालेल्या पिढीतील कोणी गालातल्या गालात हसला असेल तर नवल नाही. आम्ही असे म्हणत नाही, की कोणी बसून ही नावे योजली. परंतु अनेक उच्चारांतून एक उच्चार टिकतो, तेव्हा त्याच्या टिकण्यात लोकांच्या मनाचा कौल असतोच.

आणि 'फाकडा'! या शब्दाला शूर, देखणा, रुबाबदार, जिवावर उदार अशा कितीतरी छटा आहेत. थोडी बेफिकिरीचीही आहे. आज तो नटूनथटून निघालेल्या पोराला थट्टेने लावला जातो, पण पेशवाईत तो लष्करी मानाचा शब्द होता. कोन्हेरराव एकबोटे फाकडे आणि मानाजी शिंदे फाकडे ही नावे इतिहासाच्या वाचकांस परिचित आहेत. ज्या मालिकेत आपले बिनीचे लढवय्ये बसतात, त्या मालिकेत शत्रूच्या कप्तानाला नेऊन बसवणे, ही गोष्ट लहान नव्हे. त्यातही एक मौज आहे. मराठी लष्कराने स्टुअर्टला साहेबाचा किताब दिला नाही, बहादूरही म्हटले नाही. आपल्या तळावरचा, आपल्या बोलीतला शब्द दिला. एका शब्दाने त्याला परका ठेवले नाही. आमच्या विद्यार्थ्याने "हा साहेब आपला की त्यांचा?" असे विचारले, त्याचे उत्तर या नावात आहे. इष्टूर त्यांचा, फाकडा आपला.

कथेचा दुसरा भाग त्याच्या मरणाचा. लोक सांगतात ते असे : कार्ल्यापाशी मराठ्यांची फौज किती आणि कोठवर पसरली आहे हे पाहण्यासाठी इष्टूर एका उंच झाडावर चढला आणि डोळ्याला दुर्बीण लावून टेहळणी करू लागला. मराठी गोलंदाजाने ते हेरले, नेम धरला, आणि पहिल्या की दुसऱ्या गोळ्यातच फाकडा खाली आला. ग्रँट डफने त्याचे मरण थोडक्यात आटोपले आहे; लोककथेने त्याचे चित्र केले. त्या चित्राची रचना पाहा. सगळी फौज रस्त्याने बैलांच्या गतीने रांगते आहे, आणि एक माणूस झाडावर उभा आहे. सेनापतींना पुढचे काही दिसत नाही. याला दिसते, आणि दिसते म्हणूनच तो मरतो. इंग्रजांच्या त्या मोहिमेवर याहून मार्मिक टीका कोणा इतिहासकाराने केली असेल असे आम्हांस वाटत नाही. शिवाय या चित्रात दोघांचा सन्मान आहे. चढणाऱ्याचे धाडस जितके मोठे, तितका नेम धरणाऱ्याचा हात पक्का. शत्रूला मोठे केले की त्याला पाडणाराही मोठा होतो, हे लोककवीला कोणी शिकवावे लागत नाही.

तिसरा भाग स्थळाचा, आणि येथे चिकित्सक वाचक अडखळतो. मनुष्य पडला कार्ल्याला. समाधी वडगावास कशी? आम्हांस यात असंगती वाटण्याऐवजी कथेची रीतच दिसते. लोककथेला मरणाचे ठिकाण गौण, निकालाचे ठिकाण मुख्य. त्या मोहिमेचा निकाल वडगावात लागला. कथेचा नायकही निकालाच्या जागी येऊन निजला. याला आणखी एक धागा आहे. वडगावच्या तहात इंग्रजांनी दोन ओलीस महादजींच्या स्वाधीन केले. एक फार्मर, आणि दुसरा लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट! म्हणजे एक स्टुअर्ट कार्ल्याला मेला, आणि दुसरा वडगावास मराठ्यांच्या हाती आला. लोकांच्या आठवणीत हे दोन इष्टूर एक झाले असल्यास त्यात आश्चर्य काय? हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. परंतु लोककथा नावाभोवती जमते आणि एका नावाची दोन माणसे ती सहसा वेगळी ठेवीत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

शत्रूची किंवा परक्याची समाधी पूजनीय होणे हे केवळ मावळातच घडले असे नाही. हैदराबादेस निजामाच्या चाकरीतील फ्रेंच सेनापती रेमंड 1798 मध्ये वारला. हिंदूंनी त्याचा 'मूसा राम' केला आणि मुसलमानांनी 'मूसा रहीम'. मूसारामबाग हे नाव आजही त्याची साक्ष देते. तिनेवेल्लीकडे, त्रावणकोरवरील 1809 च्या स्वारीत पडलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला गावकरी दारू आणि चिरूट यांचा नैवेद्य दाखवीत, असे बिशप कॉल्डवेल यांनी लिहून ठेवले आहे. आयर्लंडात डब्लिन येथे जन्मलेला जॉन निकल्सन याची गोष्ट तर अधिक विलक्षण. पंजाबात काही फकिरांनी त्याच्या हयातीतच 'निकलसेनी' पंथ काढला. तो त्यांना फटके मारी आणि ते अधिकच भक्ती करीत. 1857 मध्ये तो दिल्लीत पडला, आणि काश्मिरी दरवाजाजवळच्या ज्या दफनभूमीस त्याचे नाव आहे, तेथे त्याचे भूत हिंडते अशी कथा दिल्लीकर सांगतात.

हे दाखले एका ओळीत मांडले म्हणजे सगळे सारखेच वाटतात. पण समीक्षेचे काम भेद दाखवण्याचे आहे. निकल्सनच्या कथेत धाक आहे. मारणाऱ्या हाताचे ते दैवतीकरण होय. तिनेवेल्लीच्या कथेत भय आहे. अकाली मेलेल्याचा आत्मा अतृप्त राहतो, त्याला त्याच्या आवडीचे द्यावे आणि शांत करावे. रेमंडच्या कथेत उपकाराची जाणीव आहे. इष्टूर फाकड्याच्या कथेचे मूळ या तिन्हींत नाही. त्याने मावळावर उपकार केले नव्हते. त्याने येथे राज्य केले नव्हते. आणि त्याच्या भुताचे भय ही पुढची पुरवणी आहे, नावात तिचा मागमूस नाही. या कथेच्या मुळाशी जे आहे त्याला आम्ही युद्धातील रसिकता म्हणू. लढणाऱ्याला चांगले लढणारा आवडतो, इतकी ती साधी गोष्ट आहे.

अशा रसिकतेला याच पट्ट्यात जुनी परंपरा आहे. 1660 साली शायिस्तेखानाने चाकणचा किल्ला वेढला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा मूठभर लोकांनिशी सुमारे पावणेदोन महिने लढला. किल्ला पडल्यावर खान त्याच्यावर इतका खूश झाला, की त्याने मोगली चाकरीची लालूच दाखवली. फिरंगोजीने ती नाकारली. युरोपातही हेच. 1809 मध्ये कोरुन्ना येथे सर जॉन मूर पडला, तेव्हा त्याचे स्मारक उभारण्याची आज्ञा शत्रूकडील मार्शल सूल्ट यानेच दिली. त्या मूरच्या दफनावर चार्ल्स वुल्फ नावाच्या आयरिश धर्मोपदेशकाने लिहिलेली कविता आमच्या पिढीच्या कित्येकांनी शाळेत घोकली असेल. ती घोकताना डोळे पाणावले, हेही कबूल केले पाहिजे. पण केवढी ही विसंगती! परक्या भूमीत घाईघाईने पुरलेल्या परक्या सेनापतीसाठी आम्ही रडलो, आणि आमच्या दाराशी निजलेला फाकडा आम्हांस क्रमिक पुस्तकाने कधी दाखवला नाही. वुल्फची कविता स्वकीयाने स्वकीयावर केलेली. फाकड्याची कथा शत्रूने शत्रूवर रचलेली. दोहोंत अधिक दुर्मिळ कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

आता स्नेह्यांच्या आक्षेपाकडे. गुलामगिरीचा अवशेष! गुलाम धन्याची स्तुती करतो. जेता पराभूताची करतो ती स्तुती निराळी. हे नाव पडले तेव्हा मावळात जिंकलेले आपण होतो. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचा गुण ओळखला, याला दास्य म्हणणे म्हणजे शब्दांचा दुरुपयोग होय. मात्र आक्षेपाचा एक अंश आम्ही मान्य करतो. 1818 नंतर राज्य पालटले. तीच समाधी, तेच नाव. पण आता तो मेलेला शत्रू राहिला नाही, राज्यकर्त्यांचा पूर्वज झाला. अशा जागेपाशी हात जोडताना किती हात कौतुकाने जोडले गेले आणि किती सरकारच्या भीतीने, हे वेगळे करणे कठीण आहे. एक कथा दोन काळांतून गेली म्हणजे तिचा शब्द तोच राहून अर्थ बदलतो. यास्तव आदर करावा तो पहिल्या अर्थाचा, आणि दुसऱ्याविषयी सावध असावे.

आमची खरी तक्रार निराळी आहे, आणि ती या कथेविरुद्धच आहे. तिने एका कप्तानाला सांभाळले, पण इतर सर्वांना टाकले. ज्या गोलंदाजाने नेम धरला त्याचे नाव तिला नाही. स्टुअर्टच्या हाताखाली घाट धरून बसलेले शिपाई बहुतांशी आपल्याच देशातले. त्यांतले जे पडले त्यांच्यासाठी तिच्यापाशी एक शब्द नाही. तळेगाव जळाले, तेव्हा ज्यांची घरे गेली त्यांना तर कोणीच फाकडे म्हटले नाही. स्वतःचे घर शत्रूला उपयोगी पडू नये म्हणून पेटवून देणे, हे झाडावर चढण्याहून कमी शौर्याचे आहे काय? लोककथा ही लोकांची असते, पण ती लोकांविषयी असतेच असे नाही. तीही पुष्कळदा सरदारांच्याच मागे जाते. हा तिचा दोष आपण प्रेमाने, पण स्पष्टपणे, सांगितला पाहिजे.

दुसरा दोष अलीकडच्या सांगणाऱ्यांचा. लिहिणारा जो जो येतो तो पदरचे काही घालतो. कोणी त्याच्या तोंडी शेवटचे भाषण घालतो, कोणी त्याला प्रेमकथेत गुंतवतो, कोणी अमावास्येस घोड्यावर बसवून फिरवतो. यांतील काही खरोखर गावात सांगितले जात असेलही. मग ते कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या साली, हे नोंदवावे. ते न नोंदवता नुसते 'असे म्हणतात' लिहिणे म्हणजे लोकांच्या नावावर आपली कादंबरी खपवणे होय.

संग्रहाचे काम सोपे नाही, हे आम्ही जाणतो. मुंबई इलाख्यातील लोककथा आणि समजुती प्रथम पद्धतशीर गोळा करण्याचा उद्योग ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने केला. गावोगावच्या शिक्षकांकडे प्रश्नावल्या पाठवून त्याने उत्तरे मागवली. तोच जॅक्सन 1909 साली नाशकास अनंत कान्हेरे यांच्या गोळीने ठार झाला, आणि त्याची टिपणे पुढे एन्थोवेन यांनी संपादून छापली. त्या टिपणांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु सरकारी शिक्षक सरकारी साहेबाला साहेबाच्याच समाधीविषयी काय लिहून कळवणार? आपल्या लोकांनी आपल्या लोकांना सांगितलेली कथा निराळी असते, आणि ती ऐकण्यास आता आपल्याला कोणाचा अडथळा नाही.

अडथळा असलाच तर काळाचा आहे. 1954 मध्ये पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून हा पट्टा पालटत गेला. पुढे चाकण आणि तळेगावही कारखान्यांनी वेढली. ज्या शेतांच्या बांधांवर या कथा सांगितल्या जात, ती शेते गेली. सांगणाऱ्यांची नातवंडे आता तीन पाळ्यांत काम करतात. हे वाईट झाले असे रडगाणे आम्ही गाणार नाही. पोटाला अन्न देणारा कारखाना आणि कानाला कथा देणारा बांध यांत निवड करावयाची झाली, तर उपाशी मनुष्य काय निवडील हे सांगावयास नको. पण दूर मराठवाड्यातून किंवा परप्रांतातून येथे आलेल्या कामगाराच्या मुलाला या भूमीशी नाते जोडण्यास एखादी गोष्ट हवी असते. ती गोष्ट परक्याला आपलासा करणाऱ्या नावाची असली, तर याहून अधिक योग्य ती कोणती?

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही त्या दिवशी एवढेच सांगितले, की ठाण्यातील भूत विसरा आणि नाव लक्षात ठेवा. घरी जाऊन शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, गावासह आणि तारखेसह, वहीत लिहून आणा. पुढील आठवड्यात चार वह्या आल्या. तीन वह्यांत इष्टूर होता. चौथीत तो नव्हता. त्या मुलाच्या शेजारच्या आजींनी तळेगाव जाळल्याची गोष्ट सांगितली होती, त्यांच्या सासूने त्यांना सांगितली तशी. ती वही आम्ही जपून ठेवली आहे.